ग्रंथालयाचे दुसरे दार

सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास पाचारण केले, ते संस्थानातील गावोगावी ग्रंथ पोहोचावेत या हेतूने. तेथील चळवळीत पुस्तकांनी भरलेल्या पेट्या खेड्यापाड्यांत फिरू लागल्या. वाचकाला ग्रंथालयापर्यंत येता येत नसेल, तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हे त्या पेट्यांमागील सूत्र होते. आज हेच काम सार्वजनिक ग्रंथालयाचे संकेतस्थळ करते. इंदूर, हैदराबाद वा तंजावर येथील मराठी वाचकास दूरच्या ग्रंथसंग्रहाचे ते दुसरे दारच होय. पण पेटीचे कुलूपच उघडत नसेल, तर आतील ग्रंथांचा उपयोग काय?

अशी पुष्कळ संकेतस्थळे कार्यालयाच्या मांडणीप्रमाणे रचलेली असतात. प्रथम संस्थेचा इतिहास, मग कार्यकारी मंडळ, मग विभाग, मग परिपत्रके. वाचक मात्र साधे प्रश्न घेऊन आलेला असतो. हवे ते पुस्तक आहे काय? ग्रंथालय आज किती वाजेपर्यंत उघडे आहे? सभासद कसे व्हावे? पुस्तकाची मुदत कशी वाढवावी? या चार प्रश्नांची उत्तरे पहिल्याच पानावर मिळावीत, हा सुधारणेचा पाया होय.

या विचाराचे मूळ जुने आहे. गणिताचे अध्यापन सोडून १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम प्रसिद्ध केले. त्यांतील चौथा नियम वाचकाचा वेळ वाचविण्याचा आहे. कपाटांच्या रचनेस जो नियम लागू, तोच पडद्यावरील रचनेसही लागू पडतो.

ही रचना ठरविण्याची रीत सोपी आहे. प्रत्येक सेवेचे नाव एकेका चिठ्ठीवर लिहून त्या चिठ्ठ्या काही वाचकांपुढे ठेवाव्यात आणि त्यांचे गट त्यांनाच पाडू द्यावेत. कोणत्या गोष्टी एकत्र शोधल्या जातात, हे त्यावरून कळते. त्यानंतर एखाद्या नवख्या माणसास एक पुस्तक शोधावयास सांगून, मध्ये न बोलता, तो कोठे अडतो ते पाहावे. ‘परिसंचरण सेवा’ या शब्दांपाशी थबकणारा वाचक ‘देवघेव’ या शब्दाने चटकन पुढे जातो.

मराठी सूचीची आणखी एक अडचण आहे. १९६२ च्या लेखननियमांनी बहुतेक अनुच्चारित अनुस्वार गेले. परंतु त्यापूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे आढळतात. आजचा वाचक ‘नाव’ असे टंकित करतो आणि यंत्र उत्तर देते, की असा ग्रंथ नाही. वस्तुतः ग्रंथ कपाटात असतोच! टोपणनावांचेही तेच. राम गणेश गडकरी आणि गोविंदाग्रज, विष्णु वामन शिरवाडकर आणि कुसुमाग्रज, ही नावे सूचीत परस्परांशी जोडलेली नसतील, तर एकाच लेखकाचे ग्रंथ दोन ठिकाणी विखुरतात. शोधयंत्रास ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि टोपणनावे यांची ओळख करून देणे, हे ग्रंथपालाचेच काम आहे.

दृष्टिहीन वाचकांचा विचार तर प्रथम व्हावयास हवा. त्यांच्यासाठी पडद्यावरील मजकूर मोठ्याने वाचून दाखविणारी साधने उपलब्ध आहेत. परंतु सूचनेचे नुसते छायाचित्र चिकटविले असेल, तर त्यातील अक्षरे त्या साधनांस सहसा वाचता येत नाहीत. फिकट पार्श्वभूमीवरील फिकट अक्षरे वृद्धांस दिसत नाहीत. अनेकांपाशी लहान पडद्याचा भ्रमणध्वनी एवढेच साधन असते, हेही विसरून चालणार नाही.

ग्रंथालयाच्या दालनात गोंधळलेला वाचक ग्रंथपालाच्या दृष्टीस पडतो आणि त्यास मदत मिळते. संकेतस्थळावरून निराश झालेला वाचक मात्र कोणाच्याही नकळत निघून जातो. म्हणून निष्फळ ठरलेल्या शोधांची नोंद ठेवावी आणि ती दर महिन्यास वाचावी. तक्रार न करता परत गेलेल्या वाचकांचे म्हणणे त्या नोंदींतच उमटलेले असते.