धूर तेलाचा, दुखणं हवेचं

धानाच्या कोठीमागे, जुन्या पोत्यांखाली टेकवून ठेवलेली टू-स्ट्रोक राजदूत मोटारसायकल शोधायला तुमसर तालुक्यात फार फिरावं लागत नाही. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी बाजारहाटाला दामटलेली आणि पुढे फोर-स्ट्रोक गाडी दारात आल्यावर विसरलेली. आता चिकला किंवा डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणीवर ड्युटीला जाणाऱ्या नातवाला ती घरीच, स्वतःच्या हाताने चालू करायची असते. तो पानठेल्यावर विषय काढतो आणि सल्ले सुरू होतात. “पंधरा वर्षं झाली भाऊ, आता आरटीओ पासच नाही करत.” “तेल जास्त टाकत जा, इंजन वाचते.” “सायलेन्सरचं आतलं काढून टाक, मग पाहाय पिकअप.” सांगणाऱ्यांच्या मनात खोट नसते. पण जवळजवळ प्रत्येक सल्ल्यात तेलाची काळजी असते आणि हवेचा विचार नसतो, आणि टू-स्ट्रोक इंजिनाचं बहुतेक सगळं दुखणं हवेचं असतं.

आधी कागदाचं, कारण ते थोडक्यात उरकतं. पंधरा वर्षांनी गाडी आपोआप भंगारात जाते हा समज दिल्लीच्या बातम्यांतून इकडे आला. पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची ती बंदी दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी परिसरासाठी होती. बाकीकडे खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते आणि पुढे फॉर्म २५ भरून, तपासणी करून दर ५ वर्षांनी ती वाढवता येते. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारसायकलीला त्यासाठी २,००० रुपये शुल्क आहे, शिवाय महाराष्ट्राचा पर्यावरण कर वेगळा. गाडी वारलेल्या आजोबांच्या नावावर असेल तर वारसाने फॉर्म ३१ भरायचा. त्याआधी एक काम मात्र स्वतः करा: चासीवरचा आणि इंजिनवरचा नंबर रॉकेलच्या फडक्याने पुसून आरसी बुकाशी ताडून पाहा. पूर्वी कुणी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवून नोंदच केली नसेल, तर रंगरंगोटीवर पैसे घालण्याआधी ते कळलेलं बरं.

“जुनी आहे म्हणजे व्हिंटेज” हाही असाच एक गोड समज. १५ जुलै २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली खासगी गाडीच व्हिंटेज ठरते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आणि अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच ती रस्त्यावर आणायची. १९७३च्या ‘बॉबी’त झळकलेली राजदूत जीटीएस त्या काळात नोंदवलेली असेल तर आज या वयात बसते. यामाहा आरएक्स १०० भारतात १९८५ला आली; तिला कायद्याने व्हिंटेज व्हायला २०३५ उजाडेल. बाजारात तिचा भाव मात्र आत्ताच व्हिंटेज झालाय. गाडी शेतावर आणि बाजारात फिरवायची असेल, तर साधी पाच वर्षांची नोंदणीच सोयीची.

आता इंजिन. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या खाली तेलाचं कुंड असतं आणि हवा-पेट्रोलची ये-जा वरच्या व्हॉल्व्हमधून होते. टू-स्ट्रोकमध्ये तसे व्हॉल्व्ह नाहीत, कॅम नाही, तेलाचं कुंडही नाही. कार्बोरेटरमधून आलेलं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये शिरतं, खाली येणारा पिस्टन ते दाबतो आणि सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांतून, म्हणजे पोर्टमधून, वर ढकलतो. म्हणजे क्रँककेस हाच पंप. क्रँकच्या दर फेऱ्याला एकदा जोर मिळतो तो यामुळेच. फोर-स्ट्रोकला त्यासाठी दोन फेरे लागतात. आणि पंप म्हटला की तो हवाबंद पाहिजे. वर्षानुवर्षं कोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत नेमकं तेच गेलेलं असतं.

म्हणून धुरावरून निदान करताना लोक हमखास चुकतात. “पांढरा धूर मारते, म्हणजे रिंगा गेल्या” हे फोर-स्ट्रोकचं शहाणपण आहे. टू-स्ट्रोकमध्ये तेल पेट्रोलबरोबर जळणारच असतं, त्यामुळे थोडा निळसर धूर हा आजार धरत नाहीत. रिंगा झिजल्या तर कॉम्प्रेशन जातं, किक पोकळ लागते. दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि गिअर ऑइल सांडल्याशिवाय कमी होत असेल, तर क्लचच्या बाजूचं क्रँकसील फाटलेलं असतं. क्रँककेस गिअरबॉक्समधलं तेल ओढून जाळत असते. दुसऱ्या, मॅग्नेटच्या बाजूचं सील गेलं तर धूर होत नाही, उलट आतून जास्तीची हवा शिरते. गाडी आपोआप रेस होते, स्लो बसत नाही, गरम होते. सगळे कार्बोरेटरचा स्क्रू फिरवत बसतात. हे दुसरं दुखणं जास्त वाईट, कारण मिश्रणात पेट्रोल कमी म्हणजे त्याबरोबर येणारं तेलही कमी, आणि एक दिवस पिस्टन भर रस्त्यात धरतो.

हे घरी तपासता येतं. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबराच्या तुकड्यांनी बंद करायची, सायकलच्या पंपाने ५-६ पीएसआय इतकाच दाब द्यायचा आणि सांध्यांवर, सीलवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे. दाब काही मिनिटं टिकला पाहिजे. जास्त हवा भरली तर चांगलं सीलही बाहेर येईल. माझं मत विचाराल तर घरच्या कामात सगळ्यात उपयोगी चाचणी हीच, आणि सगळ्यात जास्त टाळली जाते तीही हीच, कारण तिच्यात चकाकतं असं काही नसतं.

तेलाचा हिशोबही शेवटी हवेपाशीच येतो. लिटरला २० मिली टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, टाकलं तर १:५०, ४० मिली म्हणजे १:२५. कारखान्याने जे प्रमाण दिलं त्याच्या दुप्पट तेल घातलं तर इंजिन दुप्पट वाचत नाही. तेलाने जागा घेतली की जेटमधून जाणारं पेट्रोल तेवढं घटतं, मिश्रण पातळ होतं. वर प्लग काजळतो, एक्झॉस्ट पोर्ट आणि सायलेन्सर कार्बनने बुजतात. गिअर ऑइल किंवा गाडीतून काढलेलं जुनं मोबिल टाकणं तर सरळ नुकसान. टू-टी जळून कमीत कमी राख सोडावं असं बनवलेलं असतं, ती तेलं तशी नसतात. डब्यावर ‘जासो एफसी’ किंवा ‘एफडी’ पाहून घ्या. आरएक्सला तेलाचा वेगळा पंप आहे. तो “भरवशाचा नाही” म्हणून बंद करून टाकीतच तेल मिसळण्याची पद्धत इकडे बरीच दिसते. पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे आणि थ्रॉटलप्रमाणे तेल मोजून देतो, तो सहसा बिघडत नाही. बिघडते ती कडक झालेली नळी, किंवा नळीत राहिलेला हवेचा बुडबुडा. नळी बदलून पंपाची हवा काढली की झालं.

सायलेन्सरबद्दल तर विचारूच नका. आतली जाळी-नळी काढली की ताकद वाढते ही समजूत आवाजावर पोसलेली आहे. टू-स्ट्रोकमध्ये जळालेला धूर बाहेर जाताना त्याच्या मागोमाग थोडं ताजं मिश्रणही सटकतं, वाईट इंजिनात पाव हिश्श्यापर्यंत. सायलेन्सरचा आकार असा ठेवतात की दाबाची लाट आत आपटून परत फिरावी आणि सटकलेलं मिश्रण पोर्टमधून पुन्हा आत ढकलावं. १९५०च्या दशकात पूर्व जर्मनीत एमझेड कंपनीच्या वॉल्टर काडेन यांनी हे गणित रेसिंगमध्ये सिद्ध केलं. १९६१मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर स्वीडनमधल्या शर्यतीतून पळून पश्चिमेकडे गेला, ही विद्या सुझुकीला मिळाली आणि १९६२मध्ये डेग्नरने सुझुकीवर ५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं. एका पाइपच्या आकारासाठी एवढं महाभारत झालं. आणि आपण चौकात कानठळ्या बसाव्यात म्हणून त्याच पाइपला छिद्रं पाडतो. आतला भाग काढून, जाळून, कार्बन खरवडून पुन्हा तसाच बसवायचा. वाढलेली ताकद त्यातच मिळते.

जाम झालेलं इंजिन म्हणजे भंगार, असं म्हणणाऱ्याला भंगारवाल्याकडून काही मिळत असावं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा, आणि ॲल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. दोघांमधली फट मिलिमीटरच्या विसाव्या भागाच्या आसपास. गाडी धरली म्हणजे बहुतेक वेळा पिस्टनचं ॲल्युमिनियम सिलिंडरला चोपडलेलं असतं. बीड खाली शाबूत असतं. गाडी नुसती उभी राहून जाम झाली असेल तर रिंगा गंजाने धरलेल्या असतात. भंडारा जिल्ह्यात वर्षाला १,३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, शिवाय जागोजाग तळी, त्यामुळे हे घडणारच. प्लग काढून डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) ओतून दोन-तीन दिवस ठेवा, मग मागचं चाक हळूहळू हलवा. किकवर उड्या मारू नका. किकचा गिअर तुटला तर इंजिन उघडावं लागू शकतं.

“एकदा बोअर केलं की जीव गेला” हेही चुकीचं. पिस्टन ०.२५ मिमीच्या पायऱ्यांनी मोठे मिळतात आणि बिडाच्या स्लीव्हमध्ये साधारण १ मिमीपर्यंत वाव असतो. आरएक्सचं बोअर ५० मिमी आणि स्ट्रोकही ५०. ५१पर्यंत गेलं तरी ९८ सीसीचं १०२ होतं, एवढाच फरक. लेथवाल्याकडे जाताना पिस्टन सोबत न्या, कारण सिलिंडर त्या पिस्टनच्या मापानेच कापायचा असतो. आणि परत आणल्यावर पोर्टच्या कडांवरून बोट फिरवून पाहा. कड धारदार राहिली असेल तर नवी रिंग पहिल्या तासात तुटेल; बारीक पॉलिशपेपरने ती मारून घ्यायची. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरकडे, रिंगांची तोंडं त्यांच्या पिनांवर, गजन-पिनचे सर्कलिप नवेच. सिलिंडर खाली उतरवताना फिरवायचा नाही. टू-स्ट्रोकमध्ये रिंगचं तोंड फिरून पोर्टमध्ये अडकलं की पुढचं सांगायला नको.

घरी सगळंच होतं असंही नाही. क्रँक प्रेसने जोडलेला असतो. कनेक्टिंग रॉड बदलला की तो डायलगेजवर मिलिमीटरच्या शतांशांत सरळ करावा लागतो. ते काम ज्याच्याकडे साधन आहे त्यालाच द्या, लागलं तर नागपूरला. मॅग्नेट हातोडीने काढू नका, पुलर लागतो. क्रँककेसचे दोन भाग स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उघडले तर तिथूनच पुढे हवा गळते, आणि आपण पुन्हा पहिल्या पानावर येतो.

सुट्या भागांचं रडगाणं अर्धं खरं आहे. बेअरिंग कंपनीचं नसतं, नंबराचं असतं. ६२०४ म्हणजे आतून २०, बाहेरून ४७, जाडीला १४ मिमी, मग ते राजदूतमधलं असो की पिठाच्या चक्कीतलं. क्रँकसाठी ‘सी३’ फटीचं मागायचं. सीलवरही माप लिहिलेलं असतं. बनावट निघतात ते पिस्टन, पॉइंट आणि मीटर. त्यामुळे मूळ भाग झिजलेला असला तरी फेकू नका, मापाला लागतो. पॉइंटची फट बहुधा ०.३ ते ०.४ मिमी. टायमिंग फार बिघडलं तर पिस्टन-पोर्टवाली गाडी उलटीही फिरू शकते: पहिला गिअर टाकला आणि गाडी मागे निघाली, असे किस्से जुने राजदूतवाले सांगतात. ती थाप नसते.

टाकीच्या गंजावर संडास धुण्याचं ॲसिड ओतण्याची आपल्याकडे परंपराच आहे. गंजाबरोबर ते पत्राही खातं. सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं सत, गरम पाण्यात रात्रभर ठेवा, मूठभर नटबोल्ट घालून खळखळवा, सोड्याने धुवा, लगेच वाळवा आणि आत तेल फिरवा. छिद्र बुजवायला वेल्डिंग करायचं असेल तर “टाकी रिकामी आहे” हा युक्तिवाद कुणाकडूनही ऐकू नका; भरलेल्या टाकीपेक्षा वाफेने भरलेली रिकामी टाकी जास्त घातक.

आताच्या ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या, पेट्रोलने जुनी गाडी लगेच जळते असं नाही. इथेनॉलमध्ये प्राणवायू असतो, त्यामुळे मिश्रण थोडं पातळ होतं; मेन जेट एखादा नंबर वर न्यावा लागू शकतो. ते पाणीही ओढतं, जुनं रबर फुगवतं. म्हणून नळ्या आणि कॉकचे वॉशर नवे घाला आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कार्बोरेटर रिकामा करा.

टू-स्ट्रोकला पीयूसी मिळतच नाही, हीही अफवा. ३१ मार्च २०००पूर्वीच्या दुचाकींना मर्यादा वेगळी आहे: आयडलिंगला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के, हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम. नीट बांधलेली राजदूत त्यात बसते. आधी दहा किलोमीटर चालवून इंजिन तापवा, मगच तपासणीला उभी करा, आणि जाण्यापूर्वी प्लग काढून पाहा. टोक कोरड्या मातकट रंगाचं असेल तर जा. ओलं काळं असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त होतंय. पांढरंफटक असेल तर पीयूसी राहू द्या, कुठून तरी हवा शिरतेय.