गोठ्यातील नवी वस्ती

परसातील गोठ्यात गुरे उरली नाहीत, म्हणजे तेथे सरपण आणि मोडकी अवजारे यांची अडगळ साचत जाते. परंतु ज्या वास्तूची कौले शाबूत आणि जोते मजबूत आहे, तिच्यात अल्प खर्चात कोंबड्यांचे उत्तम खुराडे होऊ शकते, असे माझे निश्चित मत आहे.

प्रथम बंदोबस्त मुंगसाचा: खिडक्यांना व फटींना अर्ध्या इंचाची जाळी ठोकावी आणि तिची खालची कड जोत्यालगत फूटभर पुरावी. दुसरी तजवीज हवेची. ओलसर विष्ठेतून निघणारा अमोनिया वायू डोळ्यांस व श्वसनास अपाय करतो, यास्तव कोंबड्यांच्या अंगावर झोत न येता आढ्यानजीक वारा खेळता राहील, अशा झरोक्यांवाचून गत्यंतर नाही. जमिनीवर तीन-चार इंच भाताचे तूस पसरावे. दर कोंबडीमागे निदान २ चौरस फूट जागा असावी.

मला विशेष समाधान वाटले ते गव्हाणीचे. गुरांच्या मानांनी घासून गुळगुळीत झालेली तिची कड तशीच ठेवून, आत फूटफूट अंतरावर फळ्या बसविल्या, पेंढा घातला आणि पुढे गोणपाट सोडले, की अंडी घालण्यास कोंबडीला भावतो तसा काळोखा आडोसा आयता सिद्ध होतो. चार-पाच कोंबड्यांस एक कप्पा पुरतो. मात्र रात्री बसण्याची दांडी या कप्प्यांहून उंच हवी, कारण कोंबडी निजण्यासाठी सर्वांत उंच जागा शोधते, आणि ती गव्हाणीतच निजू लागली तर सकाळी अंडी विष्ठेने माखलेली सापडतात.