विसरण्याचं गणित

१९८९ साली ब्रुसेल्सच्या काही संशोधकांनी मुंग्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका बाजूला अर्जेंटिनी मुंग्यांचं घर, दुसऱ्या बाजूला खाणं आणि मध्ये दोन फाटे असलेला छोटासा पूल. एक फाटा दुसऱ्याच्या दुप्पट लांब. सुरुवातीला मुंग्या दोन्हीकडे विखुरल्या, पण थोड्याच वेळात बहुतेक सगळ्या जवळच्या वाटेनं ये-जा करू लागल्या. कुणी अंतर मोजलं नव्हतं की कुणी हुकूम सोडला नव्हता. मुंगी चालता चालता फेरोमोन नावाचं गंधद्रव्य मागे सोडते. जवळच्या वाटेनं गेलेली मुंगी लवकर परतते, त्या वाटेवर गंध आधी साचतो आणि मागून येणाऱ्या तिकडे वळतात.

पुढे प्रयोगात एक बदल केला गेला. आधी फक्त लांबचा फाटा ठेवला आणि जवळचा फाटा अर्ध्या तासानं जोडला. जवळची वाट समोर असूनही बहुतेक मुंग्या लांबच्याच वाटेनं जात राहिल्या. अर्ध्या तासात साचलेला गंध दाट होता आणि तो फार सावकाश उडतो. मुंग्यांच्या वसाहतीला जुनी माहिती विसरता आली नाही आणि नवी वाट समोर असून नसल्यासारखी झाली.

भूतकाळातलं किती जपायचं आणि किती सोडून द्यायचं, हा प्रश्न मुंग्यांपुरता नाही. अपूर्णांकी कलनशास्त्र, यंत्रमानवांचे थवे आणि भाषाशिक्षण या तीन विषयांचे अभ्यासक एकमेकांच्या परिषदांना सहसा जात नाहीत. तरीही गेल्या काही दशकांत तिघांच्याही कामाच्या मध्यभागी हाच प्रश्न येऊन बसला आहे. तिन्हीकडची उत्तरं शेजारी शेजारी ठेवून पाहिली, की विसरणं ही उणीव न राहता मोजूनमापून वापरायची गोष्ट ठरते.

गणितापासून सुरुवात करू. ३० सप्टेंबर १६९५ रोजी जर्मन गणिती लायब्निझनं फ्रेंच गणिती लोपिताल याला एक पत्र लिहिलं. अंतराचं एकदा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे बदलाचा दर, घेतलं की वेग मिळतो, दोनदा घेतलं की त्वरण. मग ते अर्ध्यांदा घेतलं तर काय मिळेल, असा प्रश्न या पत्रव्यवहारात निघाला होता. यातून विरोधाभास निर्माण होतो, पण एक ना एक दिवस त्यातून उपयोगाचे निष्कर्ष निघतील, असं लायब्निझचं म्हणणं होतं. १८१९ साली लाक्रुआ या फ्रेंच गणितीनं आपल्या जाडजूड ग्रंथात जेमतेम दोन पानं या विषयाला दिली आणि एक नेमकं उत्तर लिहून दाखवलं. x या साध्या फलनाचं अर्धं डेरिव्हेटिव्ह २√(x/π) इतकं येतं. त्याच्यावर तीच क्रिया पुन्हा एकदा केली की १ मिळतो, म्हणजे x चं नेहमीचं पूर्ण डेरिव्हेटिव्ह. दोन अर्धी मिळून एक होतं, हिशेब चोख जुळतो. चारच वर्षांनी नॉर्वेच्या नील्स आबेलनं घसरत्या मण्याच्या एका जुन्या कोड्यासाठी हीच कल्पना वापरली. कुठल्याही उंचीवरून सोडला तरी मणी तितक्याच वेळात तळाशी पोहोचेल असा वक्र कोणता, हे ते कोडं.

हे अर्धं डेरिव्हेटिव्ह नेमकं बघतं काय? नेहमीचं डेरिव्हेटिव्ह गाडीच्या स्पीडोमीटरसारखं असतं. काटा फक्त आत्ताचा वेग दाखवतो, गाडी साताऱ्याहून आली की कराडहून, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अपूर्णांकी डेरिव्हेटिव्ह मात्र सगळा प्रवास हिशेबात धरतं. नुकत्याच सरलेल्या क्षणाला वजन जास्त, जुन्याला कमी, पण कुठल्याच क्षणाचं वजन शून्य होत नाही.

अशी स्मृती बाळगणारे पदार्थ स्वयंपाकघरातही सापडतात. मळलेली कणीक बोटानं दाबून पाहावी. खळगा थोडा भरून येतो, पूर्ण भरत नाही. स्प्रिंगमध्ये बल ताणाच्या प्रमाणात असतं, तेलात ते ताण बदलण्याच्या वेगाच्या प्रमाणात असतं आणि कणीक या दोहोंच्या मध्ये कुठंतरी बसते. इंग्लंडमध्ये रेडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेत काम करणारे जी. डब्ल्यू. स्कॉट ब्लेअर कणीक आणि चीज यांसारख्या पदार्थांचा अभ्यास करत होते. शून्य आणि एक यांच्या मधल्या क्रमांकाचं डेरिव्हेटिव्ह घेतलं, तर असल्या मधल्या पदार्थांचं वर्णन नीट करता येतं, हे त्यांनी १९४०च्या दशकात मांडलं. १९६७ मध्ये इटलीचे भूभौतिकशास्त्रज्ञ मिकेले कापुतो यांनी खडकांमधून जाणाऱ्या लहरी कशा क्षीण होतात हे समजून घेताना अपूर्णांकी डेरिव्हेटिव्हची एक नवी व्याख्या दिली. आज अभियंते बहुधा तीच वापरतात. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन विद्यापीठात या विषयाची पहिली स्वतंत्र परिषद भरली, तोवर लायब्निझच्या पत्राला पावणेतीनशेहून अधिक वर्षं होऊन गेली होती.

या प्रवासात पुण्याचं नावही आहे. पुणे विद्यापीठाच्या गणित विभागातल्या वर्षा दफ्तरदार-गेज्जी आणि हुसेन जाफरी यांनी २००६ साली अरेषीय समीकरणं सोडवण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. उत्तर एकदम शोधत न बसता ते एकापुढे एक जोडल्या जाणाऱ्या पदांमधून उभं करायचं, असा तिचा गाभा. दोघांच्या आडनावांवरून ती आता जगभर ओळखली जाते आणि अपूर्णांकी डेरिव्हेटिव्ह असलेल्या, म्हणजेच अपूर्णांकी समीकरणांसाठी भरपूर वापरली जाते.

स्मृती मात्र महागात पडते. अपूर्णांकी समीकरण संगणकावर सोडवताना प्रत्येक पायरीला आधीच्या सगळ्या पायऱ्या पुन्हा बघाव्या लागतात. एक हजार पायऱ्यांसाठी सुमारे पाच लाख वेळा मागे वळावं लागतं, दहा हजारांसाठी सुमारे पाच कोटी वेळा. स्लोव्हाकियातले गणिती इगोर पोडलुब्नी यांनी १९९९च्या आपल्या पुस्तकात यावर 'अल्पस्मृतीचं तत्त्व' सांगितलं. फक्त अलीकडचा ठरावीक काळ बघायचा आणि त्यामागचं सोडून द्यायचं. या तत्त्वाचं खरं बळ पुढच्या भागात आहे. किती चूक चालेल हे आधी ठरवलं, तर किती मागपर्यंत पाहणं भाग आहे हे सूत्रानं काढता येतं. म्हणजे विसरायचं किती, हेसुद्धा हिशेबानं ठरतं.

आता पुन्हा मुंग्यांकडे वळू. मिलानमध्ये मार्को डोरिगो यांनी १९९२च्या आपल्या पीएचडी प्रबंधात गंधाच्या मागानं वाट शोधण्याची मुंग्यांची युक्ती संगणकात उतरवली. अनेक शहरांना एकदाच भेट देऊन सर्वांत कमी अंतरात परतायचं, यासारख्या कोड्यांवर त्यांनी कृत्रिम मुंग्या सोडल्या. खऱ्या मुंग्यांहून एक फरक त्यांनी जाणूनबुजून केला. कृत्रिम गंध दर फेरीला ठरावीक प्रमाणात उडून जाईल अशी तजवीज ठेवली. त्यामुळे सुरुवातीला निवडलेली वाईट वाट कायमची पक्की होत नाही. ब्रुसेल्सच्या मुंग्या जिथं अडकल्या, तिथून या मुंग्या सुटतात.

कागदावरून हे प्रत्यक्ष यंत्रांत आलं. २००७ साली सिमॉन गार्निए आणि सहकाऱ्यांनी 'अ‍ॅलिस' नावाचे जेमतेम दोन सेंटिमीटरचे यंत्रमानव टेबलावर सोडले. ते ज्या वाटेनं जात, तिथं वर लावलेला प्रोजेक्टर प्रकाशाची रेघ टाकत असे आणि ती रेघ हळूहळू मावळत असे. यंत्रमानव प्रकाशाचा माग काढत. इथं गंधाची जागा उजेडानं घेतली होती. २०१४ मध्ये हार्वर्डच्या मायकेल रुबेनस्टाइन आणि राधिका नागपाल यांच्या गटानं १,०२४ किलोबॉट एकत्र आणून त्यांच्याकडून तारा आणि इंग्रजी 'के' असे आकार रचून घेतले. ३३ मिलिमीटर व्यासाचा हा यंत्रमानव तीन ताठ पायांवर उभा राहतो, कंपनानं सरकतो आणि टेबलावरून परावर्तित होणाऱ्या अवरक्त किरणांनी जवळच्या शेजाऱ्यांशी बोलतो. त्याची कामकाजाची मेमरी (रॅम) २ किलोबाइट. इतक्यात भागवायचं म्हटल्यावर काय लक्षात ठेवायचं, याचा फार काटेकोर विचार करावा लागतो.

याच ठिकाणी गणित आणि थवे या दोन्ही वाटा थेट मिळतात. पक्ष्यांच्या थव्यांवरून सुचलेली, उत्तरं शोधण्याची एक पद्धत केनेडी आणि एबरहार्ट यांनी १९९५ मध्ये मांडली होती. २०१०च्या सुमारास पोर्तुगालमधल्या संशोधकांनी तिच्यात उत्तर शोधत फिरणाऱ्या कणांच्या वेगात अपूर्णांकी डेरिव्हेटिव्ह घातलं. क्रमांक अर्धा घेतला, तर आत्ताच्या वेगाचं वजन ०.५ येतं, त्याआधीच्याचं ०.१२५, मग ०.०६२५ आणि ०.०३९. त्यापुढची सगळी पदं त्यांनी सोडून दिली. चार पावलांची स्मृती कामाला पुरेशी होती. पुढे पोर्तुगालमधल्याच संशोधकांनी ही कल्पना शोधकार्य करणाऱ्या यंत्रमानवांच्या थव्यांसाठीही वापरली.

यंत्रांनी आपापसात शब्द ठरवण्याच्या प्रयोगांतही विसरण्याचं मोल दिसून आलं. बेल्जियमचे लुक स्टील्स यांनी १९९९ मध्ये 'टॉकिंग हेड्स' प्रयोगात फिरते कॅमेरे पांढऱ्या फळ्यासमोर बसवले. फळ्यावर रंगीत आकार चिकटवलेले होते. एका यंत्रानं एक आकार मनात धरून शब्द उच्चारायचा, दुसऱ्यानं तो आकार ओळखायचा. ओळख पटली की त्या शब्दाचे गुण वाढत आणि त्याच अर्थाच्या इतर शब्दांचे घटत. २००६ मध्ये आंद्रेआ बारोंकेली आणि सहकाऱ्यांनी हा खेळ अगदी साधा करून अभ्यासला. बोलणं जुळलं की दोघांनीही बाकीचे सगळे पर्याय पुसून टाकायचे, हा त्यातला मुख्य नियम. तेवढ्यानं बराच वेळ चाललेला गोंधळ एका टप्प्यावर झपाट्यानं संपतो आणि साऱ्या समूहाचा एकच शब्द ठरतो. २०१६ मध्ये हा खेळ खऱ्या किलोबॉटवरही करून पाहण्यात आला.

माणसाला मात्र शब्द पुसण्याचं बटण नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूहांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि त्या पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचतो ते बघायचं. वीस मिनिटांनी ५८ टक्के वेळ वाचला, तासाभरानं ४४, एका दिवसानं ३४, सहा दिवसांनी २५ आणि महिन्यानं २१. पहिल्या तासात मोठी घसरण आणि मग महिनाभर रेंगाळणं, असा हा आलेख आहे. १९९१ मध्ये विक्स्टेड आणि एबेसन यांनी दाखवलं, की विसरण्याचा आलेख घातांकी ऱ्हासापेक्षा, म्हणजे कायम सारख्याच प्रमाणात घटण्यापेक्षा, घातनियमाशी, म्हणजे आधी झपाट्यानं आणि मग सावकाश घटण्याशी, अधिक जुळतो. अपूर्णांकी समीकरणांच्या उत्तरांत मिटाग-लेफ्लर नावाचं जे फलन पुन्हा पुन्हा येतं, त्याचंही वळण असंच असतं. आधी वेगानं खाली, मग लांबलचक शेपूट. आकार जुळला म्हणून कारणही एकच असं होत नाही, मेंदू म्हणजे कणीक नव्हे. पण जुनी आठवण पुरती पुसली जात नाही, ही गोष्ट दोन्हीकडे खरी आहे.

मानसशास्त्रज्ञ हॅरी बारिक यांनी १९८४ मध्ये शाळा-कॉलेजात स्पॅनिश शिकलेल्या किंवा शिकत असलेल्या ७३३ जणांची परीक्षा घेतली. काहींना ती भाषा शिकून पन्नास वर्षं झाली होती. पहिली तीन ते सहा वर्षं ज्ञान घटत जातं, मग जे उरतं ते पुढे जवळजवळ तीस वर्षं जसंच्या तसं टिकतं, असं त्यांना आढळलं. टिकणारा हा वाटा वाढवायचा कसा? त्यासाठी बारिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली अशा चौघांनी स्वतःच परक्या भाषेतल्या ३०० शब्दजोड्या शिकायला घेतल्या. काही शब्दांची उजळणी १४ दिवसांनी, काहींची २८, तर काहींची ५६ दिवसांनी. १९९३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. ५६ दिवसांच्या अंतरानं झालेल्या १३ बैठकांनी जवळपास तेवढंच टिकवलं, जेवढं १४ दिवसांच्या अंतरानं झालेल्या २६ बैठकांनी. मेहनत निम्मी आणि फळ तेच. लांब अंतरामुळे दरवेळी थोडं अधिक विसरायला होत होतं, पुन्हा शिकणं जरा जड जात होतं, पण शेवटी गाठीला राहिलं ते सारखंच. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल पिम्सलर यांनी १९६७ मध्ये सुचवलेलं वेळापत्रकही याच दिशेचं होतं. पाच सेकंद, पंचवीस सेकंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं अशी वाढत जाणारी अंतरं पुढे पाच दिवस, पंचवीस दिवस, चार महिने आणि दोन वर्षांपर्यंत जातात.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. मराठी माध्यमातल्या लाखो मुलांसाठी वर्गाबाहेर ती भाषा कानावर पडण्याची संधी फार थोडी असते. एक धडा संपला, घटक चाचणी झाली, की त्यातले शब्द पुढच्या धड्यांत पुन्हा भेटतीलच असं नाही. बारिक कुटुंबाचं ५६ दिवसांचं अंतर शाळेच्या वर्षाला लावून बघता येतं. १५ जूनला शिकवलेला शब्द १० ऑगस्टला, ५ ऑक्टोबरला, ३० नोव्हेंबरला, २५ जानेवारीला आणि २२ मार्चला पुन्हा वाचनात आणि बोलण्यात यायला हवा. बारिक मंडळी दरवेळी चुकलेला शब्द बरोबर येईपर्यंत पुन्हा घेत, तसं वर्गातही करता येईल. यासाठी जादा तास लागत नाहीत की महागडी साधनं लागत नाहीत. पाठ्यपुस्तक लिहिणाऱ्यांनी नवे धडे रचताना जुन्या शब्दांची तारीखवार यादी शेजारी ठेवली, तर हे काम पुस्तकाच्या पानांतच होऊ शकतं.