गाडीखालचे पाणी गेले कुठे?

मे महिन्याच्या अखेरीस अलिबाग, मुरुड किंवा श्रीवर्धनला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या वातानुकूलित गाडीखाली पाण्याचे लहानसे डबके दिसते. नवा मालक ते पाहून धास्तावतो. वास्तविक हे डबके यंत्रणा ठीक असल्याची खूण आहे. काळजी करायची ती उलट परिस्थितीत. एवढ्या दमट हवेत तासभर एसी चालला, आत गारवाही आला, पण गाडीखालची जमीन मात्र कोरडीच राहिली, तर पाणी गेले कुठे हा प्रश्न विचारायलाच हवा. बहुतेक वेळा त्याचे उत्तर गाडीच्या आतच, पायाखालच्या गालिच्यात सापडते.

पाणी येते कोठून?

थंड पाण्याच्या पेल्याबाहेर जमणारे थेंब आपण मुलांना नेहमी दाखवतो. गाडीतही तेच घडते. डॅशबोर्डच्या मागे एका बंद पेटीत ॲल्युमिनिअमच्या पातळ पत्र्यांची जाळी असते. पुस्तकात तिला बाष्पीभवक म्हणतात, गॅरेजमध्ये कूलिंग कॉइल. तिच्या नळ्यांमधून शीतकारक द्रव वाफ होत वाहतो व जाळी थंड करतो. तिच्यावर बर्फ धरू नये म्हणून तिचे तापमान शून्याच्या थोडे वर राखलेले असते. पंख्याने ढकललेली हवा या जाळीतून जाताना दवबिंदूच्या खाली थंड होते आणि तिच्यातील बाष्पाचे पाणी होते.

हे पाणी किती असेल? थोडे गणित करू. ३२ अंश सेल्सिअस तापमानाची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३४ ग्रॅम बाष्प सामावते. सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल, तर प्रत्यक्षात बाष्प सुमारे २७ ग्रॅम. ही हवा १० अंशांपर्यंत थंड केली, की तिच्यात जेमतेम साडेनऊ ग्रॅम बाष्प राहू शकते. उरलेल्या साडेसतरा ग्रॅमचे पाणी होते. तासाला बाहेरची १०० घनमीटर हवा आत येते असे धरले, तर सुमारे पावणेदोन लिटर पाणी जमेल.

आता हीच गाडी मे महिन्यात नागपूरला नेऊ. तापमान ४४ अंश, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. दर घनमीटरमागे बाष्प भरते सव्वानऊ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे १० अंशांच्या हवेत मावेल एवढेच. तेथे गाडीखाली डबके दिसले नाही तर त्यात नवल नाही. तेव्हा कोरडी जमीन हा दोष आहे की नाही, हे त्या दिवशीच्या हवेवरून ठरते.

आणखी एक गोष्ट. पावणेदोन लिटर पाणी होताना जो अप्रकट उष्मा सुटतो, तो सुमारे १.२ किलोवॅट भरतो. किनाऱ्यावर एसीची एवढी ताकद केवळ बाष्पाचे पाणी करण्यात खर्च होते. मुळात आधुनिक वातानुकूलनाचा जन्मच दमटपणा काढण्यासाठी झाला. १९०२ साली विलिस कॅरिअर या अमेरिकन अभियंत्याने ब्रुकलिनमधील एका छापखान्यासाठी यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगून रंगीत छपाई बिघडत असे.

वाट का बुजते?

जाळीवरून ओघळलेले पाणी पेटीच्या तळाशी जमते व बोटाएवढ्या जाडीच्या एका नळीतून गाडीखाली पडते. ही नळी चोंदली की पाणी पेटीत साचते आणि शेवटी सांध्यातून आत झिरपते. आपल्याकडे बहुतेक गाड्यांत ही पेटी डाव्या बाजूस, डॅशबोर्डच्या खणामागे असते. म्हणून चालकाशेजारी बसणाऱ्याचे पाय आधी ओले होतात.

बाहेरची हवा समोरच्या काचेच्या तळाशी असलेल्या जाळीतून आत येते. किनाऱ्यावर गाडी सुरूच्या सावलीत उभी केली, की सुरूच्या बारीक काड्या, धूळ आणि परागकण त्या जाळीवर पडतात. हवेचा फिल्टर नसेल किंवा फाटला असेल, तर त्यातला कचरा ओल्या कॉइलला चिकटतो. त्यावर जिवाणू व बुरशी वाढून बुळबुळीत थर बनतो. खाऱ्या हवेने ॲल्युमिनिअम गंजून निघणारी पांढरी भुकटी त्यात भर घालते. कधी कधी तर बाहेरच्या टोकाशी कुंभारीण माशी मातीचे घरटे करून नळीला बूच लावते.

दोष कसा ओळखावा?

गाडी सपाट, उघड्या जागी उभी करावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. हवा बाहेरून घेण्याची खूण निवडून पंधरा-वीस मिनिटे एसी चालवावा. (आतलीच हवा फिरवत राहिल्यास ती लवकर कोरडी होते व पाणी कमी पडते.) दमट दिवशी खाली थेंब पडले नाहीत, वळणावर डॅशबोर्डमागे पाणी हिंदकळल्याचा आवाज आला आणि कुबट वास येत असेल, तर नळी तुंबली आहे असे समजावे.

मात्र ओल दुसऱ्या कारणानेही येते. एसी बंद असताना, केवळ पावसात गालिचा भिजत असेल, तर काचेचे किंवा दाराचे रबर तपासावे. पाणी रंगीत, चिकट व गोडसर वासाचे असेल, तर ते इंजिन थंड ठेवणाऱ्या यंत्रणेचे आहे. ते विषारी असते. चाखून पाहू नये व गाडी लगेच दाखवावी.

नळी मोकळी करताना

इंजिन बंद करून सायलेन्सर थंड होऊ द्यावा, हँडब्रेक लावावा व चाकांना दगड लावावेत. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. डाव्या बाजूस, इंजिन व प्रवाशांची जागा यांमधल्या पत्र्यातून खाली वाकलेली रबरी नळी शोधावी. तिचे टोक बोटांनी हळूच चोळावे. काही गाड्यांत ते चिमटल्यासारखे असते व चिखलाने चिकटून बसते. तेवढ्याने भागले नाही, तर ग्रासकटरची नायलॉन दोरी बोटभर आत सरकवून फिरवावी. तोंड बाजूला ठेवावे, कारण साचलेले पाणी एकदम बाहेर येते.

लोखंडी तार घालू नये. ती कॉइलला लागून भोक पडले, तर शीतकारक निसटतो आणि फुकटात होणाऱ्या कामाचा खर्च काही हजारांवर जातो. टायरच्या हवेचा जोरदार झोतही टाळावा, त्याने नळी आतून निखळू शकते.

काम येथे संपत नाही. गालिच्याखालचा फोम स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो. तो वर काढून उन्हात वाळवला नाही, तर खाऱ्या हवेत खालचा पत्रा गंजतो, विजेच्या तारांचे सांधे खराब होतात आणि बुरशीचे कण श्वासात जातात. दम्याच्या रुग्णाला याचा त्रास होऊ शकतो. पुढे फिल्टर वेळेवर बदलावा, काचेखालची जाळी झाडावी आणि मुक्कामाच्या पाच मिनिटे आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवावा, म्हणजे कॉइल बरीचशी सुकते.

वर्गासाठी

स्टीलच्या पेल्यात साधे पाणी व तापमापी ठेवून थोडा थोडा बर्फ टाकत ढवळा. पेला बाहेरून ज्या तापमानाला धुरकट होतो, तो साधारणपणे त्या वेळचा दवबिंदू. मे महिन्यात आणि पुन्हा जानेवारीत सकाळी नोंद घ्या. त्याच दिवशी, उभ्या असलेल्या गाड्यांखाली किती ठिबकते हेही मुलांना दुरूनच पाहायला सांगा. दोन्ही नोंदी शेजारी मांडल्या, की कोणत्या दिवशी कोरडी जमीन संशयास्पद मानायची, हे मुले स्वतःच सांगतील.