एका पेशीची गाठ

 ही गोष्ट पाळीच्या चक्रावर पोसल्या जाणाऱ्या गाठीची.

पोलादपूरच्या वरच्या वाड्यांवरून महाडला सोनोग्राफीला येणाऱ्या बाईने दुखणं बहुधा बरेच महिने अंगावर काढलेलं असतं. आधी लावणी, मग गणपती, मग कापणी. घरधनी मुंबईला, तो आला की बघू. तोवर अंगावरून इतकं जातं की चढणीला धाप लागते. मग रिपोर्टवर शब्द येतो ‘फायब्रॉईड’, आणि घरी पोचेपर्यंत त्याचा अर्थ ठरलेला असतो: पिशवी खराब झाली.

खरं तर बिघडलेली असते गर्भाशयाच्या स्नायूतली एक पेशी. ती विभागत सुटते आणि तिच्या वंशावळीची गाठ होते. शेजारची गाठ बहुतेकदा दुसऱ्याच पेशीची. २०११ मध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी ८० बायकांच्या २२५ गाठी तपासल्या, तेव्हा सुमारे ७० टक्के गाठींत ‘मेड-१२’ या एकाच जनुकात बदल सापडला.

या पेशीला खतपाणी अंडाशयातून मिळतं. पूर्वी सगळा दोष इस्ट्रोजेनला दिला जाई. आता दिसतं की इस्ट्रोजेन पेशीत प्रोजेस्टेरॉनसाठी दारं बसवतं आणि वाढीचा मोठा जोर प्रोजेस्टेरॉनचा असतो. पेशी भोवती कोलॅजेनही विणत राहतात, म्हणून गाठ सुपारीसारखी टणक. पाळी गेली की बहुतेक गाठी आक्रसतात. त्यामुळे अठ्ठेचाळिशीतल्या, फारसा त्रास नसलेल्या बाईला नुसतं थांबणं हाही उपचार ठरतो.

आकाराची भीती सगळ्यांना, पण त्रास ठरवते जागा. आतल्या अस्तराला टेकलेली बोराएवढी गाठ रक्त काढते. बाहेरच्या अंगाची लिंबाएवढी वर्षानुवर्षं गप्प बसते.

ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या रक्तस्राव कमी करतात, गाठ नाही. हार्मोनची तांबी अस्तर पातळ ठेवते. पाळी थांबवणारी इंजेक्शनं गाठ आक्रसवतात, पण बंद केली की ती पुन्हा वाढते. ऑपरेशनआधी रक्त भरून यायला मात्र त्यांचा मोठा आधार. मूल हवं असेल तर बहुतेकदा फक्त गाठ काढता येते. गाठीचा रक्तपुरवठा तोडण्याची पद्धत १९९५ मध्ये पॅरिसच्या डॉक्टरांनी मांडली. त्यासाठी महाडहून मोठं शहर गाठावं लागतं.

पिशवी काढणं हा शेवटचा, कधीकधी योग्यही मार्ग. पण बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांच्या पिशव्या काढल्याचा आकडा २०१९ मध्ये विधिमंडळात आला, तेव्हा हा मार्ग किती सहज पहिला होतो ते उघड झालं.

म्हणून होकार देण्याआधी गाठ नेमकी कुठे आहे, किती सेंटिमीटरची आहे आणि हिमोग्लोबिन किती आहे, एवढं विचारून घ्यावं. आणि पाळी गेल्यानंतर पुन्हा रक्त दिसलं किंवा गाठ वाढू लागली, तर लावणी उरकायचीही वाट पाहू नये.