जुने इंजिन घेताय? आधी विहिरीत दोरी सोडा

उन्हाळी भुईमूग फुलावर आला की विहिरीचे पाणी खाली जाऊ लागते, वीज येते ती रात्री-अपरात्री, आणि मग घरात इंजिनाचा विषय निघतो. नव्याची किंमत ऐकून आपण गप्प बसतो. तेवढ्यात कोणीतरी सांगतो, "अमक्या वाडीला पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन पडून आहे, पंपासकट देतो म्हणतात." पडून असलेली वस्तू स्वस्त मिळते हे खरे. पण ती का पडून आहे हे कळल्याशिवाय विसार देऊ नका.

त्याच्याही आधी एक काम घरच्या घरी करा. दोरीला दगड बांधून विहिरीत सोडा आणि पंप जिथे बसवणार तिथून पाणी किती फुटांवर आहे ते मोजा. वैशाखात पाणी कुठवर उतरते हे घरातल्या बायकांना विचारा. पाणी शेंदून शेंदून त्यांना दोरीचा हिशेब पुरुषांपेक्षा नेमका ठाऊक असतो. इंजिनावरचा नेहमीचा पंप पाणी वर चांगले ढकलतो, पण खालून खेचतो ते २० ते २२ फुटांपर्यंतच. हा काही पंपाचा दोष नव्हे. पाइपात पाणी चढते ते बाहेरच्या हवेच्या दाबाने, आणि तो दाब पाण्याला फार तर ३३-३४ फूट उचलू शकतो. पाइपातले घर्षण, सांध्यांची गळती, आणि ज्याला आपण सगळे फुटबॉल म्हणतो त्या फूटव्हॉल्व्हची अडवणूक वजा जाता हाती एवढेच उरते.

पाणी त्याहून खोल गेले की लोक काय करतात? इंजिनच विहिरीत उतरवतात, कुठल्यातरी टप्प्यावर किंवा फळ्यांवर बसवतात. वाचकहो, हे कदापि करू नका. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. पेट्रोलच्या इंजिनात तो फार असतो, पण कोंडलेल्या जागेत डिझेलच्या धुरावरही विसंबू नये. विहिरीत तो साचून राहतो. इंजिन बंद करायला उतरलेला माणूस गुंगी येऊन कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो आणि तोही वर येत नाही. एकाच घरातली दोन दोन माणसे अशी गेली आहेत. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नका. माणसे गोळा करा, १०८ ला फोन करा, दोर-गळ टाकून वरूनच ओढता येईल तेवढे ओढा.

म्हणून दोरी २२ फुटांपुढे गेली, तर ते इंजिन फुकट मिळाले तरी तुमच्या विहिरीचे नव्हे. ओढ्यावर, शेततळ्यावर, कालव्याच्या काठी त्याचा उपयोग होईल.

दोरीने होकार दिला तर आता इंजिन बघायला चला. बरोबर ओळखीचा फिटर घ्या, त्याची दिवसाची मजुरी वाया जात नाही. अगोदर निरोप पाठवू नका, किंवा पाठवलात तर "चालू करून ठेवू नका" असे बजावा. इंजिन थंडच बघायचे असते. गरम इंजिन कसेही सुरू होते. तुम्ही गेलात आणि हेड हाताला गरम लागले, तर चहा घ्या, गप्पा मारा, ते निवू द्या.

थंड इंजिनाची डिकॉम्प्रेशनची लिव्हर उचलून चाक हाताने फिरवा. घासल्याचा, खडखडल्याचा आवाज येता कामा नये. मग लिव्हर पाडून चाक सावकाश दाबावर आणा. चांगले इंजिन तिथे अडते आणि चाक उलटे उसळते. लोण्यात सुरी जावी तसे चाक फिरत राहिले तर रिंगा-लायनर झिजले आहेत किंवा वॉल्व्ह धरत नाहीत. यातले नेमके काय, हे ओळखायला फिटर नोझल काढून सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडतो. दाब वाढला तर रिंगा-लायनर, नाही वाढला तर वॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. (चमचाभरच, बरे का. जास्त ओतले तर पिस्टनला जागा राहत नाही आणि काहीतरी मोडते.) मग चाकाखाली पहार घालून ते हलकेच उचलून बघा. चाक वर-खाली हलले तर बेअरिंगे गेलेली आहेत.

ऑइलची पट्टी काढा. ऑइल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी शिरते आहे.

आता हँडल मारू द्या. सुरू होताना थोडा पांढरा धूर आला तर घाबरू नका, पण गरम झाल्यावर तो थांबला पाहिजे. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. काळा धूर बहुधा नोझल, हवेचा फिल्टर किंवा जास्त लोड यांमुळे येतो, आणि तो दोष तुलनेने थोडक्यात सुटतो. ऑइल भरायचे झाकण काढून बघा. तिथून भकाभका वाफा येत असतील तर रिंगांमधून दाब निसटतो आहे. रिकामे इंजिन पाच मिनिटे चालवून दाखवले म्हणून समाधान मानू नका. पंप जोडून अर्धा तास पाणी उचलू द्या. खरे काय ते तेव्हाच दिसते.

झिजलेले इंजिन घेऊच नये असे माझे म्हणणे नाही. लायनर-पिस्टनचा संच बदलून अशी इंजिने पुन्हा वर्षानुवर्षे चालतात, त्यांची बांधणीच तशी आहे. पण आधी तालुक्याच्या दुकानात जाऊन त्या बनावटीचे सुटे भाग मिळतात का, आणि संच, बेअरिंग, नोझल, मजुरी मिळून किती होतात, ते विचारून या. तो आकडा मागितलेल्या किमतीत मिळवून मग घासाघीस करा. किर्लोस्करांच्या ऑइल इंजिनांचा पुण्याचा कारखाना १९४६ सालचा, त्यामुळे जुन्या मॉडेलचे भाग अजून सापडतात. नावाची पट्टीच नसलेल्या इंजिनाला मात्र भाग कुठला मागणार? पट्टीवरचा नंबर पावतीत लिहून घ्या, खाली विकणाऱ्याची आणि दोन साक्षीदारांची सही घ्या. पट्टी नव्याने ठोकलेली दिसली तर मुकाट्याने घरी या. चोरीचा माल स्वस्तच असतो.

पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालणारे जुने पंपही विकायला निघतात. रॉकेल तुम्हाला कुठून मिळणार ते आधी ठरवा. आणि फवारणीपंप, गवत कापायचे यंत्र अशा लहान पेट्रोल इंजिनांत रबरी नळ्या बघा. २०२५ साली देशात पेट्रोलमधल्या इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले, आणि जुन्या नळ्या त्याने फुगतात, तडकतात. त्या बदलून घ्या, आणि हंगाम संपला की टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

घरी आणलेले डिझेल इंजिन एक दिवस सुरू होणार नाही, आणि बहुतेक वेळा कारण एवढेच असेल की टाकी कोरडी झाली आणि नळीत हवा शिरली. फिटरकडे धावू नका. आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत डिझेल वाहू द्या, मग तो घट्ट करून तसेच डिझेल-पंपाच्या स्क्रूचे करा, शेवटी नोझलकडच्या नळीचा नट सैल करून हँडल फिरवा. नोझल बाहेर काढून फवारा बघायचा असेल तर हात त्याच्यापुढे नेऊ नका. तो फवारा कातडी भेदून आत जातो. वर सुई टोचल्याएवढीच खूण दिसते आणि आत हात सडू लागतो. असे झाले तर दुखत नसले तरी तडक दवाखाना गाठा आणि डिझेल आत गेल्याचे डॉक्टरांना सांगा. इंजिन बंद करताना डिझेलच्या लिव्हरने करा, डिकॉम्प्रेशनने नको. त्याने वॉल्व्ह खराब होतात.

पट्ट्यावर चालणारा पंप असेल तर पट्ट्याभोवती पत्र्याचे किंवा जाळीचे कुंपण पहिल्याच दिवशी घाला. पदर, धोतराचा सोगा, मुलींच्या ओढण्या यांना तो पट्टा क्षणात ओढतो. आणि इंजिनाजवळ एका पत्र्याच्या डब्यात दोन पाने, फिल्टर, नोझलखालची तांब्याची वॉशर आणि एक स्वच्छ फडके ठेवा. फडके जुन्या सुती लुगड्याचे असावे, गोणपाटाचे नको, त्याचे धागे नळीत अडकतात.