तेल विकून घेतलेलं रान

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, उत्तरेकडे, पिजन रिव्हर नावाचं सरकारी जंगल आहे. त्या भागातले मूळचे एल्क, म्हणजे आपल्या सांबरापेक्षाही थोराड हरणं, एकोणिसाव्या शतकातच संपले होते. 1918 मध्ये पश्चिमेकडून सात एल्क आणून सोडले, त्यांचा कळप झाला. आणि 1970 मध्ये नेमकं याच रानाखाली तेल सापडलं!

कंपन्यांना विहिरी खणायच्या होत्या, निसर्गप्रेमींना एकही नको होती. 1979 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एल्कना धोका म्हणून खोदाई अडवली. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा करून जंगलाच्या दक्षिणेकडच्या एक तृतीयांश भागात तिला वाट दिली. कोण जिंकलं, हे मला आजही सांगता येणार नाही. पण या ओढाताणीतून 1976 मध्येच एक अफलातून कायदा जन्मला होता: सरकारी जमिनीखालच्या तेल आणि वायूचं स्वामित्वधन एका वेगळ्या निधीत टाकायचं आणि त्यातून जनतेसाठी जमीन विकत घ्यायची. तेल आज ना उद्या आटणारच. मग ते आटायच्या आत त्याची जमीन करून ठेवायची.

आता भरलेली तिजोरी दिसली की सरकारचा हात शिवशिवणारच. तंगीच्या दिवसांत यातलाही पैसा दुसरीकडे वळवला गेला. तेव्हा 1984 मध्ये मतदारांनी हा निधी थेट राज्यघटनेतच नेऊन ठेवला. साध्या बहुमताने त्याला हात लावायची सोय संपली.

मला सगळ्यात नवल वाटतं ते रोजच्या कारभाराचं. गावं, जिल्हे आणि राज्याचं निसर्गसंपदा खातं अर्ज करतात. एक मंडळ त्यांतून निवड करून शिफारस करतं, आणि मग विधिमंडळात रीतसर विधेयक येतं. नदीकाठचा एक तुकडा, कुठल्याशा तळ्यावर होड्या उतरवायची जागा, शहरातलं एखादं मैदान, असं एकेक काम त्या यादीत असतं, आणि त्यावर आमदार मत देतात. राज्यात 83 जिल्हे आहेत. या पैशाचा लाभ न पोचलेला त्यांत एकही नाही.

2011 मध्ये निधी 50 कोटी डॉलरच्या घटनात्मक मर्यादेला टेकला. तिथून पुढे मुद्दल जागच्या जागी, खर्च फक्त त्याच्या उत्पन्नातून. नवं स्वामित्वधन राज्य उद्यानांच्या निधीकडे वळलं. 2020 मध्ये या निधीचे नियम बदलायचे का, यावर पुन्हा कौल घेतला, तेव्हा सुमारे 84 टक्के मतदारांनी होकार दिला. त्या राज्यात एरवी निवडणुका किती चुरशीच्या होतात, हे ठाऊक असलेल्याला हा आकडा दोनदा वाचावा लागेल. नव्या नियमानुसार उद्यानांचा निधी 80 कोटी डॉलरवर पोचला की तेलाचा पैसा परत जमिनीच्या निधीत येणार, आणि या खेपेला त्याला कमाल मर्यादा नाही.